दहा बोटांचा कायदा आणि मद्रासची पाटी

१९२० साली मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमधून, म्हणजे इलाख्याच्या सचिवालयातून, दोन अगदी उलट्या दिशांचे कारभार चालले होते. एकीकडे 'मद्रास चिल्ड्रन अॅक्ट' मंजूर झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. पोरवयात हातून गुन्हा घडला म्हणून मुलाला मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात कोंबू नये, त्याला शाळेत घालावं, धंदा शिकवावा, सुधारायला वाव द्यावा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ३ एप्रिलला मदुरै जिल्ह्यातल्या पेरुंगामनल्लूर या गावात त्याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. गावकऱ्यांचा अपराध एवढाच होता की आम्ही चोर नाही, आम्ही आमच्या बोटांचे ठसे देणार नाही, असं ते म्हणत होते. त्या दिवशी सोळा माणसं गेली.

एखाद्याच्या नावावरचा जुना गुन्हा पुसून त्याला नव्यानं जगू द्यावं की नाही, यावर आज बोललं जातं तेव्हा डोळ्यांपुढे एकटा माणूस असतो. त्यानं काहीतरी केलं, शिक्षा भोगली, बाहेर आला, आता त्याला नोकरी हवी आहे. हा प्रश्न खराच आहे. पण आपल्या देशात गुन्ह्याची सगळ्यात मोठी नोंदवही अशा एकेकट्या माणसांची नव्हती, ती जातींची होती. त्या वहीत नाव चढायला गुन्हा करावा लागत नसे, जन्माला येणं पुरे होई. ही वही मद्रासमध्ये कशी उघडली गेली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मद्रासनंच ती देशात आधी कशी मिटवली आणि तरीही ती पुरती का मिटली नाही, हे मराठी वाचकानं समजून घ्यायला हवं. कारण त्या वहीतली काही माणसं आपलीही आहेत.

मूळ कायदा मद्रासचा नाही. १८७१ चा 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबसाठी झाला. त्यामागचा युक्तिवाद असा की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेचं हे वरवरचं ज्ञान साहेबानं थेट फौजदारी कायद्यात उतरवलं. मद्रास इलाखा तेव्हा यातून बाहेर राहिला. पुढची चाळीस वर्षं तिथं अशी वही नव्हती. १९११ च्या सुधारित कायद्यानं ती सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागली आणि मग मद्रास सरकारनं हात आखडता घेतला नाही. एकामागून एक जमाती 'गुन्हेगार' म्हणून जाहीर होऊ लागल्या.

या कायद्याची कलमं आज वाचताना अंगावर काटा येतो. प्रांतिक सरकारनं एखादी जमात गुन्हेगार आहे असं राजपत्रात जाहीर केलं की त्या घोषणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. आपलं नाव चुकून नोंदलं गेलं अशी तक्रार जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे करायची मुभा होती, पण जमातच गुन्हेगार का ठरवली, हे विचारायची सोय नव्हती. नोंद झालेल्यानं ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजर राहायचं, मुक्काम बदलला तर कळवायचं, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारकडे होता. आणि नोंद झालेला माणूस ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर निदान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळं पाणी. बाकीच्यांना जी चोरी काही महिन्यांच्या कैदेची, तीच यांना आयुष्याची.

ठशांचं तंत्र तेव्हा नवं होतं. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात मोठा वाटा उचलला आणि नाव मात्र त्यांच्या वरिष्ठ हेन्रीसाहेबाचं झालं. जस्ताच्या किंवा काचेच्या पाटीवर छापखान्याची काळी शाई पातळ पसरायची, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवायचं, तसंच कागदावर फिरवायचं. दहा बोटांचे दहा ठसे, खाली नाव, बापाचं नाव, जात, गाव. गुन्हेगार ओळखायला निघालेलं हे शास्त्र मद्रास इलाख्यात नांगर धरणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या हातांवर चाललं. म्हणून तिकडच्या लोकांनी कायद्याचं इंग्रजी नाव कधी तोंडात घेतलंच नाही. ते त्याला 'रेगै चट्टम' म्हणत, म्हणजे ठशांचा कायदा.

या वहीत आलेल्यांपैकी दोन समाजांची कहाणी थोडी थांबून सांगावी लागेल.

पहिले कोरव, ज्यांना तमिळमध्ये कुरवर आणि तेलुगूत येरुकुल म्हणतात. ही फिरती व्यापारी माणसं. किनाऱ्यावरचं मीठ बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर लादून आतल्या मुलखात न्यायचं, तिथून धान्य आणायचं, वाटेत टोपल्या, चटया विणून विकायच्या. ज्या गावांना रस्ते नव्हते त्यांना मीठ पोचवणारी हीच माणसं. मग कंपनी सरकारनं मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला. १ जुलै १८५६ ला मद्रासच्या रॉयपुरम स्थानकातून दक्षिणेतली पहिली आगगाडी वालाजा रोडकडे निघाली. पुढं रूळ जसजसे आत शिरत गेले तसतसा मिठाचा आणि धान्याचा व्यापार त्यांच्यावरून जाऊ लागला. जंगल कायद्यांनी गुरांची कुरणं आणि टोपल्यांचा बांबू हिरावला. आणि १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानं उरलंसुरलं नेलं. इतिहासकार मीना राधाकृष्ण यांनी मद्रासच्या सरकारी दप्तरांतून हा सारा क्रम पुराव्यानिशी उभा केला आहे. धंदा बुडालेला माणूस पोटासाठी फिरत राहिला, आणि ज्याचा पत्ता नाही, शेत नाही, मालक नाही, असा फिरता माणूस सरकारच्या लेखी संशयित ठरला. कोरव आधी निरुद्योगी केले गेले आणि नंतर गुन्हेगार ठरवले गेले. हा क्रम उलटा करून सांगण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही.

त्यांना 'सुधारण्याचं' काम सरकारनं साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेकडे सोपवलं. तिचा हिंदुस्थानातला प्रमुख फ्रेडरिक बूथ-टकर हा माजी आयसीएस अधिकारी. १८८२ साली मुंबईत उतरला, भगवी वस्त्रं घालून अनवाणी हिंडला, स्वतःला फकीर सिंग म्हणवून घेऊ लागला. त्याच्या देखरेखीखाली आजच्या आंध्र प्रदेशातल्या बापटलाजवळ १९१३-१४ च्या सुमारास येरुकुलांची वसाहत उभी राहिली. मद्रास सरकारातल्या हॅरॉल्ड स्टुअर्ट यांच्या नावावरून तिला स्टुअर्टपुरम म्हणू लागले. जमीन मिळाली, शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जवळच्या चिराळ्याला तंबाखूचा कारखाना होता आणि तिथं लागणारे हात याच वसाहतीतून जात. हजेरी चुकली तर शिक्षा, सोडून गेलं तर शिक्षा. पळून जाऊ न शकणारा मजूर मिळाला तर कोणत्या कारखानदाराला नको असतो?

दुसरा समाज मदुरैच्या पश्चिमेकडचा, पिरमलै कळ्ळर. हे शेतकरी आणि पूर्वापार गावांचे राखणदार. पिकाची, गुरांची, वाटेची राखण करायची आणि त्याबद्दल गावानं धान्य द्यायचं, या रीतीला तिकडे 'कावल' म्हणतात. आपल्याकडे रामोश्यांचं काम असंच होतं, आणि दोघांचं नशीबही एकच. सरकारी पोलीस आले, राखणीचा हक्क गेला, हक्कासाठी अडून बसलेला राखणदार दरोडेखोर ठरला. आपले रामोशी आणि तिकडचे कळ्ळर यांची भाषा वेगळी, देव वेगळे, पण दोघांवर ओढवलेला प्रसंग एकाच कारखान्यात घडलेला आहे.

१९१४ पासून चार वर्षांत एकेक गाव करत सबंध पिरमलै कळ्ळर समाज या कायद्याखाली आला. कर्ती पुरुषमाणसं वहीत गेली. रात्री त्यांनी घरी झोपायचं नाही, चावडीत किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात झोपायचं. परगावी जायचं तर 'रात्तिरी चीट्टु', म्हणजे रात्रीचा परवाना, जवळ हवा. नवं लग्न झालेला तरुण, बाळंत बायको घरी असलेला बाप, तापानं फणफणलेला म्हातारा, सगळे अंधार पडला की चावडीकडे निघत. घराघरातून रोज रात्री पुरुष उठून जात असेल तर त्या गावातल्या बायकामुलांनी कसे दिवस काढले असतील, याचा हिशोब कुठल्याच सरकारी अहवालात नाही.

पेरुंगामनल्लूरच्या लोकांनी ठसे द्यायला नकार दिला. त्यांनी आधी अर्जविनंत्या केल्या. आमच्या गावात शेती आहे, आम्ही कष्टानं खातो, आमची नोंद कशाला, असं त्यांचं म्हणणं. ३ एप्रिल १९२० च्या पहाटे सशस्त्र पोलिसांनी गाव वेढलं. गावकरी जमले, हातात काठ्या, भाले, दगड. बोलणं फिसकटलं आणि बंदुका चालल्या. मायक्काळ नावाची एक बाई जखमींना पाणी पाजत होती, तिलाही मारलं, असं गाव आजही सांगतं. पकडलेल्यांना साखळ्या घालून तिरुमंगलमच्या कचेरीपर्यंत पायी नेल्याच्या आठवणी त्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. गावात आता स्मारकस्तंभ आहे आणि दर ३ एप्रिलला लोक तिथं जमतात. जालियनवाला बाग होऊन त्या दिवशी पुरतं वर्षही झालं नव्हतं. अमृतसर देशाला ठाऊक झालं, पेरुंगामनल्लूर तमिळ मुलखाबाहेर फारसं गेलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण स्वतःच्या बोटांवर स्वतःचा हक्क सांगणं हाही स्वातंत्र्याचाच लढा होता.

त्या गावकऱ्यांची बाजू न्यायालयात मांडायला उभा राहिला तो मदुरैत वकिली करणारा एक मल्याळी ख्रिस्ती बॅरिस्टर, जॉर्ज जोसेफ. गांधीजींच्या 'यंग इंडिया'चं संपादन केलेला, वैकम सत्याग्रहात तुरुंगात गेलेला माणूस. कोटाला गुलाब लावायची त्याला सवय होती, म्हणून कळ्ळर त्याला 'रोसाप्पू दुरै', गुलाबवाला साहेब, म्हणू लागले. तो १९३८ साली वारला. त्या मुलखात त्याचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. आपल्या जातीचा नाही, धर्माचा नाही, भाषेचा नाही, तरी ज्यांना सगळे चोर म्हणत त्यांच्या बाजूनं तो उभा राहिला. लोक अशी माणसं विसरत नाहीत.

गोळीबारानंतर सरकारनंही धोरणाला थोडी मुरड घातली. 'कळ्ळर सुधार' या नावाखाली शाळा, सहकारी पतपेढ्या, पंचायती सुरू झाल्या. त्यातल्या शाळा मदुरै, तेनी, दिंडुक्कल या जिल्ह्यांत अजून चालू आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारनं त्या शिक्षण खात्यात विलीन करण्याची घोषणा केली, तेव्हा त्याच समाजातून विरोधाचा आवाज उठला. ज्या शाळा पाळतीच्या सोबतीनं आल्या त्या लोकांनी आपल्या करून टाकल्या होत्या. पण शाळा निघाल्या म्हणून ठसे थांबले नव्हते. १९२४ मध्ये कायदा पुन्हा नव्यानं बांधून काढला गेला आणि त्या दशकाच्या अखेरीस रामनाडकडच्या मरवर समाजाच्या एका शाखेलाही वहीत घातलं गेलं. तिथून मुत्तुरामलिंग तेवर या तरुण जमीनदारानं हा प्रश्न हाती घेतला. सभा, परिषदा, मोर्चे झाले. १९३७ च्या निवडणुकीत त्यानं रामनाडच्या राजाला हरवलं. राजाजींचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. आता कायदा जाणार असं लोकांना वाटलं. तो गेला नाही. स्वतःचं सरकार आल्यावरही ठसे द्यायला लागणं ही त्या लोकांची निराशा आपण समजू शकतो. गंमत वाटावी अशी नव्हे, दुःख व्हावं अशी गोष्ट ही की, याच सुमारास मद्रासमध्ये 'प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट' लागू झाला. पहिल्यांदा चुकलेल्याला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची त्यात सोय होती. तरुण गुन्हेगारांसाठीच्या बोर्स्टल शाळांचा कायदा तर तिथं १९२६ पासून होता. गुन्हेगाराला माणूस समजणारे कायदे करण्यात मद्रास देशाच्या पुढे होतं. फक्त जातीनं गुन्हेगार ठरलेल्यांच्या वहीला त्यांनी हात लावला नाही.

शेवटी १९४७ उजाडलं. ओमंदूर रामस्वामी रेड्डियार यांच्या मंत्रिमंडळात गृह आणि कायदा खातं डॉ. पी. सुब्बरायन यांच्याकडे होतं. कुमारमंगलमचे जमीनदार, ऑक्सफर्डला शिकलेले, १९२६ ते ३० या काळात मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेले. त्यांच्या त्या पहिल्या कारकिर्दीत पोलीस खातं गव्हर्नरच्या राखीव विषयांत होतं. आता ते त्यांच्या हातात आलं होतं, आणि त्यांनी क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट मद्रास इलाख्यापुरता रद्द करणारं विधेयक आणलं. ते मंजूर झालं. देशभरचा कायदा जायला अजून पाच वर्षं होती. हेच सुब्बरायन पुढं १९६२ साली महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईत आले आणि त्याच वर्षी पदावर असतानाच वारले. राजभवनात त्यांची कारकीर्द जेमतेम सहा महिन्यांची. त्यामुळे मराठी माणसाच्या लक्षात ते राहिले नाहीत. पण सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, म्हणजे अशा जमातींना कोंडणाऱ्या वसाहतीतल्या, कुणाला त्यांचं १९४७ चं काम कळलं असतं तर त्यानं या राज्यपालांना हात जोडले असते.

कारण आपल्याकडे तोवर काय चाललं होतं? मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती इथं सेटलमेंटी होत्या. सोलापूरची सगळ्यात मोठी. तारेच्या कुंपणाच्या आत पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, राजपूत भामटे अशी कुटुंबं, आणि कुंपणाच्या बाहेर सूतगिरण्यांचे भोंगे. दिवसा गिरणीत, रात्री हजेरीला. यातले कैकाडी म्हणजे कोण? भाषेचे अभ्यासक त्यांची बोली तमिळ-येरुकुल घराण्यातली मानतात, आणि टोपल्या-कणगी विणणं, गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणं, हे सगळं कोरवांशी जुळतं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं तेव्हा मराठी वाचकाला आपल्या वेशीबाहेरचं हे जग पहिल्यांदा आतून दिसलं. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांच्या दप्तरी नोंदी पोलिसांनी लिहिल्या होत्या, त्यांनी आपली नोंद आपल्या हातानं केली. उलट बाजूला, चेन्नईच्या रस्त्यांवर मणी-माळा विकणारे नरिकुरवर 'वाग्री' बोलतात, ती आपल्या उत्तरेकडच्या भाषांच्या कुळातली. संशयाच्या वह्यांनी प्रांतांच्या सीमा पाळल्या, माणसांनी कधीच पाळल्या नव्हत्या.

मुंबई सरकारनं १९४७ मध्ये आधी 'सवयीच्या गुन्हेगारां'चा नवा कायदा केला आणि १९४९ मध्ये जुना काढला. मद्रासनं आधी जुना काढला आणि १९४८ मध्ये नवा आणला. क्रम वेगळा, परिणाम सारखाच. केंद्रानं १९४९ मध्ये तिरुपतीकडचे वकील आणि पुढे लोकसभेचे अध्यक्ष झालेले अनंतशयनम् अय्यंगार यांची समिती नेमली. तिनं क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट रद्द करावा आणि त्याच्या जागी जात न पाहता सराईत गुन्हेगारांसाठी एक कायदा करावा, असं सुचवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरचा कायदा संपला. त्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त, आणि हा दिवस आपल्याकडे विमुक्त दिन म्हणून पाळतात.

'मद्रास रिस्ट्रिक्शन ऑफ हॅबिच्युअल ऑफेंडर्स अॅक्ट', १९४८, कागदावर वाचला तर त्यात गैर काही दिसत नाही. जमातीचं नाव कुठं नाही. पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या व्यक्तीवरच बंधनं. पत्ता कळवा, हालचाल कळवा, हजर राहा. पण ज्या समाजाला तीस-पस्तीस वर्षं वेगळ्या कलमांखाली, वेगळ्या मापानं शिक्षा झाल्या होत्या, त्याच्याच खात्यावर 'पुन्हा पुन्हा शिक्षा' जास्त जमलेल्या असणार, हे सांगायला वकील लागत नाही. परवाना नसताना सापडला म्हणून शिक्षा, हजेरी चुकली म्हणून शिक्षा. जुन्या कायद्यानं निर्माण केलेले गुन्हे नव्या कायद्याच्या हिशोबात धरले गेले. नाव जातीवरून उतरलं आणि माणसावर बसलं. माझं स्पष्ट मत असं की मद्रासनं १९४७ मध्ये कायदा रद्द करताना धैर्य दाखवलं, पण त्या कायद्याखाली साचलेला इतिहासही त्याच दिवशी निकालात काढायला हवा होता. तसं झालं नाही आणि पुढच्या तीन पिढ्यांनी त्याची किंमत मोजली.

किंमत म्हणजे काय, हे तमिळनाडूच्याच एका प्रकरणात दिसतं. १९९३ मध्ये विरुधाचलमकडच्या एका गरीब कुटुंबातल्या पुरुषाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं. तो कोठडीत मारला गेला आणि तो पळाला असं सांगण्यात आलं. त्याच्या बायकोची बाजू मद्रास उच्च न्यायालयात लढवली ती वकील के. चंद्रू यांनी, जे नंतर त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. २०२१ चा 'जय भीम' हा चित्रपट याच प्रकरणावर बेतलेला आहे. चित्रपटात ते कुटुंब इरुळर दाखवलं आहे, प्रत्यक्षात ते कुरवर होतं. ज्यांच्या पणजोबांनी मीठ वाहिलं, त्यांच्यातला एक. सुरुवातीच्या दृश्यात तुरुंगाच्या दारावर सुटलेल्या कैद्यांना जात विचारून बाजूला काढतात आणि उरलेल्या केसेस त्यांच्या गळ्यात मारायला पुन्हा गाडीत घालतात. आपल्याकडच्या पारधी वस्तीत हे दृश्य बघताना कुणाला ते पटवून सांगावं लागलं नसेल.

ठाण्यात 'हिस्ट्री शीट' नावाची चीज असते. कुणावर पाळत ठेवायची त्याची ती फाईल. ती उघडायला न्यायालयाची परवानगी लागत नाही, तिची प्रत माणसाला मिळत नाही, आणि खटल्यातून निर्दोष सुटलं तरी ती आपोआप बंद होत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका प्रकरणात सगळ्या राज्यांना याची दखल घ्यायला सांगितलं. अल्पवयीन मुलांची नावं अशा कागदात नकोत आणि केवळ मागास वा विमुक्त समाजातला म्हणून कुणाची फाईल उघडू नका, असा त्यातला रोख होता. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आणखी मोठा निकाल आला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर केलेल्या शोधवृत्तांतून ही याचिका उभी राहिली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं तुरुंग नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना 'सवयीचे गुन्हेगार' धरणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. निकालात तमिळनाडूतल्या पाळयंकोट्टै मध्यवर्ती तुरुंगात जातवार कोठड्या असल्याचाही उल्लेख आहे. त्याच गावात एके काळी मद्रासची नामांकित बोर्स्टल शाळा होती.

आणि आता वही कागदाची राहिली नाही. मद्रास उच्च न्यायालयापुढे एक निर्दोष सुटलेला माणूस आला. इंटरनेटवर आपलं नाव शोधलं की खटलाच वर येतो, निकालातून नाव झाकावं, अशी त्याची मागणी. २०२१ मध्ये एकसदस्यीय पीठानं सहानुभूती दाखवून नकार दिला, कारण असा कायदाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये खंडपीठानं त्याचं म्हणणं मान्य केलं. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. निकाल लोकांना खुले असणं गरजेचं आहे, हेही खरं. म्हणून हा प्रश्न सोपा नाही. पण ज्याचा गुन्हा सिद्धच झाला नाही त्याला आयुष्यभर खुलासे देत फिरायला लावणं हे १९११ च्या कायद्याच्या जवळ जाणारं आहे, असं मला वाटतं.

पुसायचं काय आणि ठेवायचं काय, याचं उत्तर विमुक्तांनीच दिलं आहे. तमिळनाडूत ६८ समाज विमुक्तांच्या यादीत येतात. १९७९ मध्ये सरकारनं त्यांच्या दाखल्यावरचा 'ट्राइब' हा उल्लेख बदलून 'कम्युनिटी' केला. त्याविरुद्ध त्यांनी चाळीस वर्षं आंदोलन केलं आणि २०१९ मध्ये केंद्राच्या योजनांपुरता जुना उल्लेख परत मिळवला. आपल्याकडे तर कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त जाती. आमच्यावरचा आरोप पुसा, पण आमच्यावर झालेला अन्याय पुसू नका, हे त्यांचं सांगणं आहे. चेन्नईत एग्मोरच्या राज्य अभिलेखागारात मद्रास सरकारचे ते आदेश आणि घोषणा जपून ठेवलेल्या आहेत आणि त्या तशाच राहायला हव्यात. जायला हवेत ते ठाण्यातले कागद.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २००० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००७ मध्ये हे 'सवयीच्या गुन्हेगारां'चे कायदे काढायला सांगितलं. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोन मराठी माणसांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगांनीही विमुक्तांना या कायद्याच्या जाचातून सोडवण्याचा आग्रह धरला. तरी मुंबईचा पुढचा, १९५९ चा कायदा आणि १९४८ चा मद्रासचा कायदा यांची नावं सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्येही घ्यावी लागली. विधानसभेत ते रद्द करायला एक दिवस पुरेल. प्रत्येक ठाण्यातल्या हिस्ट्री शीट वर्षातून एकदा बाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्यानं तपासाव्यात, ज्याच्यावर ठराविक वर्षं नवा गुन्हा नाही त्याची बंद करावी आणि तसं त्या माणसाला लेखी कळवावं, एवढी मागणी आपल्या आमदाराकडे येत्या ३१ ऑगस्टच्या आत करा. तुमच्या तालुक्यात पारधी, कैकाडी, रामोशी वस्ती असेलच. मागणीच्या कागदावर पहिल्या सह्या त्यांच्या घ्या आणि त्याखाली आपली करा.